खर्च : निरंक

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावाच्या ग्रामसभेचं वार्षिक वृत्त नीट शब्दांत लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. मानधन नव्हतं, पण शेवटच्या पानावर माझ्या नावानं दोन ओळींचे आभार येणार हे आधीच ठरलं होतं. सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव, म्हणजे भोवतालचं जंगल वापरायचा आणि राखायचा कायदेशीर हक्क गावाकडे. वन व्यवस्थापन समिती, बांबूची विक्री, गस्तीची हजेरी, सगळं एका जाड वहीत व्यवस्थित लिहिलेलं. सचिव पोरगेला, हुशार, वहीच्या समासात सुद्धा खाडाखोड नाही. मी एकेक बाब वाचत होते आणि कागदावर उतरवत होते. बांबू तोडणी, इतके मनुष्यदिवस, इतकी मजुरी. गस्त, इतक्या पाळ्या, इतका चहापाण्याचा खर्च. मग एक ओळ आली : वणवा नियंत्रण, खर्च निरंक.

'निरंक' हा सरकारी मराठीतला माझा आवडता शब्द. शून्य म्हटलं की काहीतरी मोजलं आणि उरलं नाही असं वाटतं. निरंक म्हटलं की मोजायला काही नव्हतंच.

"दोन वर्षं झाली, आपल्या हद्दीत वणवा नाही," सचिव म्हणाला. "आन् पैसा बी नाही लागला."

मी लिहिलं : लोकसहभागातून विनाखर्च वणवा नियंत्रण. वाक्य चांगलं जमलं म्हणून त्याखाली रेघही ओढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत, मुक्कामाच्या घरातली आजी मोहफुलं वेचायला निघाली. मीही मागे गेले. मार्च संपत आलेला. त्या दिवसांत मोहाच्या झाडावर पानं जवळजवळ नसतात. सगळी खाली, गुडघ्याएवढी नसली तरी घोट्याच्या वर येतील इतकी, कोरडी, पायाखाली पापडासारखी मोडणारी. फुलं रात्रीतून गळतात. झाडाखाली गप्प उभं राहिलं तर ऐकू येतं, थांबून थांबून टप्, टप्. फूल म्हणजे फिकट पिवळी, गुबगुबीत, आतून पोकळ गोळी. बोटांना चिकटते आणि वास थेट डोक्यात जातो. आता अशी फुलं त्या पाचोळ्यात पडली तर सापडणार कशी? त्याला दोन उपाय. एक म्हणजे काडी लावायची. पाचोळा जळतो, जमीन काळी स्वच्छ होते, त्यावर पिवळं फूल लांबून दिसतं. मध्य भारतातल्या जंगलांतले कितीतरी वणवे अशा एका झाडाखालच्या आगीपासून सुरू होतात. दुसरा उपाय म्हणजे खराटा.

आजीच्या हातात खराटा होता.

झाडाचा पसारा वर जेवढा, तेवढं गोल खाली झाडायचं. म्हणजे चांगलं अंगणाएवढं. पाचोळा आत ठेवायचा नाही आणि ढीगही बुंध्याशी करायचा नाही. बाहेर लांब ढकलायचा, उताराच्या अंगाला. वारा त्यातला निम्मा परत आणतो, म्हणून उद्या पुन्हा. मोहाचा बहर दोन-तीन आठवडे चालतो. आजीच्या वाट्याची झाडं सहा. झाडणं तसं बहराच्या आधीच झालेलं होतं, आज फक्त 'हात फिरवायचा' होता. तो हात फिरवायला एका झाडाला अर्धा तास लागला. मराठीत झाड आणि झाडणं हे शब्द इतके शेजारी का बसलेत याचा मी कधी विचार केला नव्हता. त्या सकाळी केला, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी मागितल्यावर आजीनं खराटा माझ्या हातात दिला होता आणि पाव गोल पुरा व्हायच्या आत माझ्या अंगठ्याच्या मुळाशी फोड आला होता.

"आपटू नोको," ती म्हणाली. "वरच्या वर चालव. पोरं हायेत खाली."

मी पाहिलं. पाचोळ्याखाली वीतभर उंचीची मोहाची दोन रोपं होती. एकाभोवती तिनं तीन दगड मांडून ठेवले होते. खराटा तिथं आला की तिचा हात आपसूक वळसा घेत होता, स्वयंपाकघरात झोपलेल्या मुलाभोवतून केर काढावा तसा.

"पेटवलं त पाच मिन्टाचं काम हाये," ती म्हणाली. "आमी बी पेटवत होतोच की. मंग सभेत ठरलं, पेटवायचं नाही."

सभेत ठरलं. ठराव चांगला होता, एकमतानं झाला होता, वहीत आहे. ठरावानं काडीपेटी बंद केली आणि पाच मिनिटांच्या जागी रोजचे तीन तास आले. ते तीन तास कुठून आले हे ठरावात लिहिलेलं नाही. ते आजीच्या झोपेतून आले आणि तिच्या सुनेच्या पाठीतून. गावातल्या प्रत्येक घरातून अशीच कोणीतरी बाई पहाटे उठून बाहेर पडली होती. रानात ठिकठिकाणी खराट्यांचा आवाज येत होता. माझं 'विनाखर्च' असं खसखसत चाललं होतं.

मोहाची नवी रोपं जंगलात फार कमी उरतात, असं अभ्यासक सांगतात. बिया तेलासाठी वेचल्या जातात, जी रुजतात ती आगीत जातात. म्हणजे ते तीन दगड ही काही भाबडी माया नव्हे. वनशास्त्रात त्याला 'नैसर्गिक पुनर्निर्मितीस साहाय्य' असं भारदस्त नाव आहे आणि त्यासाठी योजनांमध्ये निधीही असतो.

वणवा टाळायचा तर उत्पन्नही सोडावं लागतं, हे काही गावांनी करून दाखवलंय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपानाचं उत्पन्नच सोडून दिलं, कारण चांगल्या कोवळ्या पानासाठी झुडपं छाटावी लागतात, आगी लावाव्या लागतात. सोडलेल्या त्या पैशाबद्दल पाचगावचं कौतुक झालं आणि ते रास्तच आहे. सोडलेला पैसा दिसतो. घातलेला वेळ दिसत नाही, एवढाच माझा मुद्दा.

ओडिशातल्या नयागड भागात गावं आपलं जंगल राखतात त्या पद्धतीला 'ठेंगापाळी' म्हणतात. ठेंगा म्हणजे काठी, पाळी म्हणजे आपलीच पाळी. ज्याच्या दाराशी काठी टेकवलेली सापडेल, त्यानं त्या दिवशी रानात राखणीला जायचं आणि परतल्यावर काठी शेजारच्या दाराशी ठेवायची. पगारी रखवालदार नाही, शिपाई नाही, पावती नाही. नयागडमधल्या काही गावांत ही काठी पुढे बायकांनी उचलली. पुरुषांचं आपसात पटेना, चोरट्या तोडीशी भिडायला कोणी धजेना, तेव्हा बायकांनी राखण आपल्याकडे घेतली आणि उजाड टेकड्या पुन्हा हिरव्या केल्या. मला मात्र पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा हसूच आलं. मराठीत ठेंगा म्हणजे काय ते सांगायला नको. राखण केल्याबद्दल हाती येतो तोच.

काठी आणि खराटा यांत एक फरक आहे. काठी दारात उभी असते तेव्हा सगळ्या गल्लीला दिसतं की आज या घराची पाळी. काठीवाला जातो तेव्हा 'गस्तीला गेला' म्हणतात आणि वहीत हजेरी लागते. खराट्याला पाळी नाही. तो कायम त्याच हातात असतो. आणि ती गेली की म्हणतात, 'फुलं वेचायला गेली.' खरं तर रानात रोज जाणारी, कुठली वाट नवी पडली, कुठल्या बांबूच्या बेटात कोंब मोडलेत, कुठल्या ओढ्याकाठी परक्या चपलांचे ठसे आहेत हे सगळ्यांत आधी पाहणारी बाईच असते. ती परत येऊन चुलीपाशी ते बोलते. ते ऐकून मग कोणीतरी काठी घेऊन निघतो.

चिपको आंदोलनातल्या रैणी गावात वेगळं काय झालं होतं? २६ मार्च १९७४. आजच्या उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यातल्या त्या गावातले पुरुष जमिनीच्या नुकसानभरपाईसाठी चमोलीला गेले होते. रानात चाललेले मजूर एका मुलीनं पाहिले आणि धावत येऊन गौरा देवींना सांगितलं. गौरा देवी गावच्या महिला मंगल दलाच्या प्रमुख होत्या, बाविसाव्या वर्षी विधवा झालेल्या. हाताशी होत्या तेवढ्या बायका आणि मुली घेऊन, सत्तावीस जणी, त्या रानात गेल्या आणि लिलावात गेलेल्या सुमारे अडीच हजार झाडांच्या आड उभ्या राहिल्या. रात्रभर पहारा दिला. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. मला त्यातला लहान तपशील धरून ठेवावासा वाटतो. ती मुलगी त्या वाटेवर होती म्हणून मजूर दिसले. राखणीचं काम तिला कोणी नेमून दिलं नव्हतं.

गौरा देवी म्हणाल्या होत्या, हे जंगल आमचं माहेर आहे. पूर्वी हे वाक्य मी भाषणात वापरायचे आणि बायकांच्या रांगेतून हमखास टाळी यायची. आता वापरताना जीभ जरा अडखळते. माहेरी काय असतं? माहेरी आई म्हणते, बस गं, मी करते. आयतं ताट असतं, दुपारची झोप असते. रानात बाई जाते ती पाठीवर ओझं घेऊन यायला. हिशेब मांडला तर रान हे तिचं दुसरं सासरच. पण आजीच्या मागे चालताना मला एवढं कळलं की हिशेबही पुरा नाही. रानात शिरल्यावर तिची चाल बदलली. डोक्यावरचा पदर खाली आला. दुसऱ्या एका झाडाखालून कोणीतरी हाक दिली आणि तिनं जे उत्तर दिलं ते मला समजलं नाही, गोंडीत होतं, पण त्यावर दोघी इतक्या हसल्या की आजीला खराटा टेकून उभं राहावं लागलं. घरात ती इतकी मोठ्यानं हसली असती असं वाटत नाही. गौरा देवींना काय म्हणायचं होतं त्यातलं थोडं तरी यात असावं.

चिपकोच्या कथेत ठेकेदार बाहेरचा असतो, म्हणून ती सांगायला सोपी जाते. त्याच चमोलीतली डुंगरी-पैंतोलीची कथा कमी सांगितली जाते. साल १९८०. गावच्या पंचायतीत सगळे पुरुष. त्यांनी बटाट्याच्या शेतीसाठी गावाजवळचं बांज (ओक) वृक्षांचं जंगल उद्यान खात्याला द्यायचं कबूल केलं. बदल्यात रस्ता, शाळा, दवाखाना, वीज. बायका आडव्या आल्या. घरच्याच माणसांविरुद्ध. चारा आणि सरपण त्या जंगलातून येत होतं, आणि ते गेलं असतं तर लांबची चाल कोणाच्या पायांना पडणार होती हे उघड होतं. बायकांनी ते जंगल वाचवलं.

मला इथे पुरुषांना खलनायक करायचं नाही. रस्ता आणि दवाखाना वाईट कसा असेल? बाळंतीण अडली तर रस्ता बाईलाच लागतो. पण सौदा ठरवताना ज्यांनी झोळी भरून घ्यायची ते एका बाजूला आणि ज्यांच्या डोक्यावर मोळी ते दुसऱ्या बाजूला बसले होते. 'गावाचा निर्णय' म्हणताना गाव म्हणजे कोण, हा प्रश्न त्या बायकांनी विचारला.

हाच प्रश्न पुढे वेगळ्या वाटेनं परत आला. १९९० नंतर देशभर संयुक्त वन व्यवस्थापनाच्या, म्हणजे वनखातं आणि गाव मिळून जंगल राखायच्या, समित्या झाल्या. बऱ्याच ठिकाणी घरटी एक सभासद असा नियम, आणि घरटी एक म्हणजे कोण ते वेगळं सांगावं लागत नाही. समित्यांनी जंगल बंद केलं, चराई बंद, लाकूड बंद, आणि जंगल खरोखर वाढलं. अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल यांनी या समित्यांचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांच्या लेखनात नोंद आहे की गुजरात आणि पश्चिम बंगालमधल्या काही गावांत एका मोळीसाठी आधी एक-दोन तास लागायचे, तिथे जंगल बंद झाल्यावर चार-पाच तास लागू लागले. घरातली चूल काही ठरावानं बंद झालेली नव्हती. मग बाई लांबच्या, दुसऱ्या गावच्या जंगलात जाणार, तिथे पकडली जाणार, आणि आपल्या गावच्या वृत्तात 'जंगल घनदाट झालं' असं लिहिलं जाणार. लिहिणारी माझ्यासारखीच कोणीतरी असणार.

अग्रवाल यांनी दुसरीही बाजू मांडली. गुजरात आणि नेपाळमधल्या समित्यांची तुलना करताना त्यांना दिसलं की जिथे कार्यकारिणीत बायका जास्त, तिथे जंगलाची स्थितीही चांगली. एखाद-दुसरी बाई नेमून भागत नाही. पाव ते एक तृतीयांश जागांवर बायका असल्या की त्या बोलायला लागतात. नेपाळनं २००९ मध्ये सामुदायिक वनगटांच्या कार्यकारिणीत निम्म्या जागा स्त्रियांना द्यायचं मार्गदर्शक तत्त्व आणलं. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्यानं वैयक्तिक हक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करायला लावला, आणि २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेची गणपूर्ती (सभा ग्राह्य धरायला लागणारी किमान हजेरी) व्हायची तर हजर माणसांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. या तरतुदी कागदी आहेत असं मी म्हणणार नाही. जिथे जंगलाचं व्यवस्थापनच गावाच्या हाती आलं, गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावासारखं, जिथे २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला आणि सहमतीनं निर्णय घ्यायची सवय त्याच्याही कितीतरी आधीपासूनची होती, तिथे बाई सभेत बसते म्हणजे नुसती सहीपुरती बसत नाही.

पण सभा संध्याकाळी असते. जी वेळ चुलीची तीच सभेची. आमच्या त्या गावात गणपूर्ती भरून निघत होती. वहीत अंगठे आणि सह्या पुरेशा होत्या. बायका येत, दाराजवळ बसत, मांडीवर पोर असे आणि भात लागेल म्हणून अर्ध्यातून उठत. काळजीच्या कामामुळे तिला जंगलाबद्दल सांगण्यासारखं सगळ्यांत जास्त ठाऊक असतं आणि त्याच कामामुळे ते सांगायला ती थांबू शकत नाही. यातून वाट कशी काढायची हे मला माहीत नाही. सभा दुपारी घ्या म्हणावं तर दुपारी ती रानात असते.

मोजणीचंही तसंच. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची जी पद्धत जगानं मान्य केलीय, तिच्यानुसार रानातून सरपण आणणं हे उत्पादन आहे. त्याच सरपणावर भात शिजवणं हे उत्पादन नाही. म्हणजे मोळी डोक्यावर असते तोवर बाई देशाच्या अर्थव्यवस्थेत असते. उंबरठा ओलांडून मोळी खाली टाकली की ती बाहेर पडते. २०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यावर रोजचे सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं, पुरुषांची ८८. सरपण-पाण्याचा रकाना त्यात वेगळा आहे. आता सांगा, मोहाखाली झाडणं कुठल्या रकान्यात घालायचं? फुलं वेचण्याची पूर्वतयारी म्हणून? वनसंरक्षण म्हणून? का केर काढणं म्हणून?

केनियात वांगारी माथाई यांनी १९७७ मध्ये बायकांना हाताशी धरून झाडं लावायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी एक साधी गोष्ट केली. रोपामागे थोडी रक्कम ठेवली, पण ती लावलेल्या रोपाची नव्हे, जगलेल्या रोपाची. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१९ मध्ये तेहतीस कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. आकडा लागवडीचा. 'संगोपन' हा शब्द आपल्याकडे मुलांसाठी आणि झाडांसाठी एकच आहे, इतकं भाषेला कळतं. पण लागवडीचा फोटो निघतो, संगोपनाचा निघत नाही. तीन वर्षं रोज कोणाचा फोटो काढणार?

परतल्यावर मी सचिवाला म्हटलं, ती ओळ बदलू या. निरंक नको. तो लगेच तयार झाला, उलट त्याचा चेहरा खुलला. पुढच्या निधीच्या मागणीला उपयोग होईल म्हणाला. त्याच संध्याकाळी सभेआधी आम्ही दाराजवळच्या बायकांपाशी जाऊन बसलो. मोहाखाली झाडायला रोज किती जणी, किती वेळ, ते सांगा.

"मजुरी देनार का?" एकीनं विचारलं. सचिव माझ्याकडे बघायला लागला.

"मजुरी कायले पायजे," दुसरी म्हणाली. "बाप्यांईले बी दोन झाडं झाडायले लावा." यावर बराच वेळ हसणं चाललं. मागे बसलेल्या पुरुषांतला एकजण उठून बाहेर गेला, बहुधा विडी प्यायला.

मग मोजणी सुरू झाली. घरं किती, झाडं किती, इथवर ठीक चाललं. वेळ किती, इथे अडलं. आजी म्हणाली तीन तास. तिची सून म्हणाली, कुठले तीन, पाच होतात. मग दोघींचं लागलं. सासू झाडाखाली पोहोचल्यापासून मोजत होती. सून उठल्यापासून मोजत होती. उठून पाणी भरायचं, बाळाला पाजायचं, शेजारणीकडे ठेवायचं, तेव्हा कुठे खराटा हातात येतो. ते झाडण्यात धरायचं की नाही? एक म्हणाली धरा, तिचं बाळ मोहासाठीच तर शेजारी ठेवलं. दुसरी म्हणाली, मग ज्या शेजारणीनं बाळ सांभाळलं तिचाही वेळ वणव्यात धरा. ती शेजारीणही तिथेच बसली होती. तिला हे फार पटलं.

सचिवानं पेन वहीवर टेकवलं होतं. 'वणवा नियंत्रण' लिहून झालं होतं, पुढचा रकाना कोरा होता.

"लिवतो काय?" आजी त्याला म्हणाली. "का भात ठेवून येऊ मी तवरीक?"

"ये ठेवून," तो म्हणाला.

तिच्या मागोमाग आणखी चौघी उठल्या.